आगाखान पॅलेसमधून गांधीजी सुटले, कस्तुरबा मात्र तिथेच राहिल्या

पुण्यात नगर रोडवर ट्रॅफिकमध्ये कधी अडकला असाल, तर आगाखान पॅलेसची पाटी दिसली असेल. बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत तो बघितलेला असतो. लांबलचक कमानी, मोठी हिरवळ, जुनी झाडं, आत फोटो आणि काचेच्या कपाटात ठेवलेल्या रोजच्या वापराच्या वस्तू. बाहेर पडताना डोक्यात एवढंच राहतं की इथे गांधीजींना कैदेत ठेवलं होतं.

पण याच आवारात, बागेच्या मागच्या बाजूला, दोन समाध्या आहेत. एक गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांची. दुसरी कस्तुरबांची. गांधीजी या वाड्यातून २१ महिन्यांनी बाहेर पडले. हे दोघं पडले नाहीत.

कस्तुरबांबद्दल आपल्याला काय माहिती असतं? गांधीजींच्या पत्नी, साधी पांढरी साडी, चरखा, आणि बा हे नाव. एवढ्यावर विषय संपतो. त्यामुळे हा वाडाही गांधीजींचाच होऊन जातो. खरं तर वयाच्या ७३ व्या वर्षी या बाई स्वतःच्या निर्णयाने तुरुंगात आल्या होत्या, आणि तोही काही त्यांचा पहिला तुरुंग नव्हता.

आधी वाड्याचं सांगू. हा पॅलेस १८९२ मध्ये सुलतान मोहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान यांनी बांधून घेतला. ते स्वतः तेव्हा जेमतेम १५ वर्षांचे होते. आसपासच्या गावांत दुष्काळ पडला होता, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं असं सांगतात. पुढे ५० वर्षांनी दुसरं महायुद्ध चालू असताना इंग्रज सरकारने हाच वाडा ताब्यात घेतला, भोवती काटेरी तारा मारल्या, शिपाई उभे केले आणि त्याचा तुरुंग केला.

आता कस्तुरबांकडे येऊ.

त्यांचा जन्म १८६९ मध्ये पोरबंदरला झाला. वडील गोकुळदास मकनजी कापडिया हे तिथले खाऊन-पिऊन सुखी व्यापारी. गांधींचं घर शेजारच्याच वस्तीत. कस्तुर आणि मोहनदास एकाच वर्षी जन्मलेले, त्यातही कस्तुर काही महिन्यांनी मोठी. दोघांचं लग्न झालं तेव्हा वय १३ वर्षं. खर्च वाचावा म्हणून घरच्यांनी मोहनदास, त्याचा भाऊ आणि चुलत भाऊ अशी तीन लग्नं एकाच मांडवात उरकून टाकली.

लग्न झालं तेव्हा कस्तुरला लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याला तिला शिकवायची फार हौस होती, आणि तिच्यावर हुकूम चालवायचीही. विचारल्याशिवाय तिने देवळात जायचं नाही, मैत्रिणीकडे जायचं नाही, अशी त्याची अपेक्षा. ती गेली. परत परत गेली. हे सगळं गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय, आणि त्यात आपली बाजू झाकलेली नाही. म्हणूनच कस्तुरबांबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं त्यांच्या नवऱ्याच्या कबुलीजबाबातून कळतं. त्यांनी स्वतः लिहिलेलं फार थोडं मागे उरलंय.

पहिलं मूल जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. मग हरिलाल झाला. तो काही महिन्यांचा असताना, १८८८ मध्ये, नवरा बॅरिस्टर व्हायला लंडनला गेला. परत आला, थोडे दिवस राहिला, मग दक्षिण आफ्रिकेला गेला. लग्नानंतरच्या पहिल्या १५ वर्षांत या दोघांचा एकत्र संसार असा फारसा झालाच नाही.

तो सुरू झाला १८९७ मध्ये, डर्बनमध्ये, आणि तोही कसा? जहाज बंदराला लागलं तेव्हा गांधींच्या विरोधात खवळलेला गोऱ्यांचा जमाव किनाऱ्यावर वाट बघत होता. कस्तुरबा आणि मुलांना आधी गाडीतून पारसी रुस्तमजी यांच्या घरी पाठवून दिलं. मागून चालत येणाऱ्या गांधींना जमावाने गाठलं आणि मारलं. नवीन देशातला पहिला दिवस हा असा.

याच डर्बनच्या घरातला एक प्रसंग गांधीजींवरच्या सिनेमामुळे बऱ्याच जणांना माहिती आहे. घरात राहणाऱ्या कारकुनांच्या खोलीतली मूत्रपात्रं घरातल्यांनीच साफ करायची, असा गांधींचा नियम होता. त्यातला एक कारकून दलित आई-वडिलांच्या पोटी जन्मलेला ख्रिश्चन होता. त्याचं भांडं उचलायला कस्तुरबांच्या जिवावर आलं. त्यांनी उचललं, पण रडत रडत. गांधींना तेही पुरलं नाही. भांडं हसतमुखाने उचललं पाहिजे म्हणून त्यांनी बायकोला हाताला धरून ओढत फाटकापर्यंत नेलं, बाहेर काढायला. परदेशात, जिथे आई-बाप नाहीत, नात्याचं कुणी नाही, तिथे मी जाऊ कुठे, असं कस्तुरबांनी विचारलं आणि जरा लाज बाळगा म्हणून सुनावलं. गांधींनी फाटक लावून घेतलं.

या गोष्टीत जातीच्या बाबतीत कस्तुरबा चुकत होत्या आणि बायकोच्या बाबतीत गांधी चुकत होते. दोन्ही खरं आहे. सांगताना लोक सोयीने एकच अर्धं सांगतात.

जातीचा विषय त्यांच्या आयुष्यात पुन्हा आलाच. १९१५ मध्ये भारतात परतल्यावर अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दूदाभाई, त्यांच्या पत्नी दानीबेन आणि लहानगी लक्ष्मी हे दलित कुटुंब राहायला आलं. कस्तुरबांनी विरोध केला, आणि त्यांचा विरोध काही लपूनछपून नव्हता. शहरातल्या पैसेवाल्यांनीही आश्रमाला मदत देणं बंद केलं. पुढे हीच लक्ष्मी गांधी कुटुंबात मुलीसारखी वाढली. कस्तुरबांचं मन एका रात्रीत बदललं नाही. जन्मभर अंगात मुरलेली शिवाशिव सोडायला त्यांना वर्षं लागली, आणि त्यांनी ती सोडली.

पण मधला एक मोठा टप्पा राहिला. १९१३.

त्या वर्षी मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांताच्या कोर्टाने एक निकाल दिला. ख्रिश्चन पद्धतीने झालेली आणि नोंदवलेली लग्नंच कायदेशीर, असा त्याचा अर्थ निघत होता. म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी पद्धतीने लग्न झालेल्या हजारो बायका कायद्याच्या नजरेत एका फटक्यात बायकाच राहिल्या नाहीत. सत्याग्रहात आता बायकांनाही उतरवायचं ठरलं. गांधींनी फिनिक्स आश्रमातल्या इतर बायकांशी बोलणं केलं, पण कस्तुरबांना विचारलं नाही. आपण सांगितलं तर त्या नाही म्हणू शकणार नाहीत, असा त्यांचा विचार. कस्तुरबांच्या कानावर ते आलंच. माझ्यात काय कमी आहे म्हणून मला वगळलं, असा सवाल त्यांनी केला आणि पहिल्याच तुकडीत नाव घातलं.

१६ जणांची ती तुकडी, त्यात ४ बायका. सप्टेंबर १९१३ मध्ये त्यांनी परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडली आणि अटक करून घेतली. शिक्षा झाली ३ महिने सक्तमजुरी, जेल पीटरमारित्झबर्गचं. हेच ते गाव, जिथल्या स्टेशनवर २० वर्षांपूर्वी गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं होतं. डिसेंबरमध्ये कस्तुरबा सुटून आल्या तेव्हा शरीराचा नुसता सापळा उरला होता. कित्येक दिवस अंथरुणावरच होत्या.

म्हणजे भारतात असहकार, मीठ, चले जाव यातलं काहीही सुरू व्हायच्या कितीतरी आधी या बाईंच्या नावावर सक्तमजुरीची शिक्षा जमा होती.

याच काळातली अजून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण ३५ वर्षांनी आगाखान पॅलेसमध्ये तिची आठवण होते. १९०९ च्या सुरुवातीला कस्तुरबा खूप आजारी होत्या. सारखा रक्तस्राव होत होता. अंगात ताकद नाही म्हणून डर्बनच्या डॉक्टरांनी भूल न देता शस्त्रक्रिया केली. नंतर डॉक्टरांचं म्हणणं पडलं की गोमांसाचं सूप दिल्याशिवाय ही बाई वाचत नाही. गांधींनी नकार दिला, पण त्याचबरोबर कस्तुरबांनाही विचारलं. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं: मेले तरी चालेल, हे पिणार नाही. डॉक्टर म्हणाले, मग माझ्याकडे ठेवू नका. पाऊस पडत असताना त्यांना तिथून हलवलं. आधी ट्रेन, मग स्टेशनपासून फिनिक्सपर्यंत झोळीत घालून. त्या जगल्या.

तेव्हा शब्द त्यांचा स्वतःचा होता.

भारतात आल्यानंतरची वर्षं भराभर सांगता येतात. चंपारणमध्ये गांधींनी शाळा काढल्या तेव्हा कस्तुरबा तिथल्या खेड्यांत राहिल्या, बायकांना स्वच्छतेचं शिकवत फिरल्या. १९३२-३३ मध्ये त्यांना पुन्हा पुन्हा अटक झाली. १९३९ मध्ये राजकोट संस्थानात आंदोलन पेटलं. राजकोट म्हणजे सासर, तिथल्या लोकांवर जुलूम होतोय तर मी गेलंच पाहिजे, असं म्हणून सत्तरी गाठलेल्या कस्तुरबा तिकडे गेल्या आणि संस्थानाने त्यांना त्रंबा नावाच्या गावात नजरकैदेत टाकलं.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये आजही बा कुटी बघायला मिळते. गांधींच्या झोपडीत चोवीस तास माणसांची वर्दळ असायची. बाईमाणसाला अंग टेकायला, कपडे बदलायला आडोसा नाही. शेवटी जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी छोटी झोपडी बांधून दिली. आश्रम म्हटला की आपल्याला प्रार्थना आणि सूतकताई आठवते, पण ही आडोशाची अडचण भोगणारं माणूस त्या घरातलंच होतं.

आणि मग हरिलाल. थोरला मुलगा. वडिलांशी त्याचं कधी पटलं नाही. शिकायला विलायतेला जायची त्याची इच्छा होती, वडिलांनी पाठवलं नाही. पुढे बायको गेली, दारू लागली, धंद्यात कर्ज झालं. १९३६ मध्ये त्याने धर्म बदलला, काही महिन्यांनी पुन्हा परत आला, पेपरवाल्यांना रोज नवी बातमी. एकदा कटनी स्टेशनवर आई-वडिलांची गाडी थांबली होती. गर्दीत सगळे गांधीजींचा जयजयकार करत असताना एकट्या हरिलालने कस्तुरबांचा जयजयकार केला आणि कुठून तरी मिळवलेलं एक मोसंबं आईच्या हातात ठेवलं. हे फक्त आईसाठी आहे, वडिलांसाठी नाही, असं बजावून. गाडी हलली तेव्हा आईच्या लक्षात आलं की पोरगा स्वतः उपाशी दिसतोय आणि आपण त्याला काहीच दिलं नाही.

१९४२ चा ऑगस्ट आता.

जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपल्या होत्या. रंगून मार्चमध्येच पडलं होतं. इंग्रज सरकारला भारतात कोणतीही गडबड नको होती. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर चले जावचा ठराव झाला आणि ९ तारखेला पहाटे पोलीस बिर्ला हाऊसवर हजर झाले. वॉरंट गांधीजी, महादेवभाई आणि मीराबेन यांच्या नावाचं होतं. कस्तुरबांना सांगण्यात आलं की यायचं असेल तर नवऱ्यासोबत या, नाहीतर इथे राहा.

त्याच दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींची सभा जाहीर झालेली होती. वक्ताच उचलला गेला होता. नवऱ्यासोबत जाण्यापेक्षा त्या सभेत बोलावं, असं गांधींनी सुचवलं. कस्तुरबा मागे थांबल्या. संध्याकाळी सभेला निघायची वेळ झाली तेव्हा पोलीस पुन्हा आले आणि त्यांना डॉक्टर सुशीला नय्यर यांच्यासह आर्थर रोड जेलमध्ये घेऊन गेले. तिथे दोन दिवस जुलाबाने त्या बेजार झाल्या. ११ तारखेला त्यांना पुण्याला आणलं.

म्हणजे नवऱ्याच्या मागे मागे आलेली बायको म्हणून त्या आगाखान पॅलेसमध्ये आल्या नाहीत. सभा घेणार म्हणून पकडल्या गेल्या. खटला नाही, आरोपपत्र नाही, सुटकेची तारीख नाही. युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांत हे सगळं बसत होतं.

गांधीजी आधीच पोचले होते. त्यांना आणि इतर नेत्यांना घेऊन मुंबईहून एक खास गाडी निघाली, चिंचवड स्टेशनवर गांधीजींना उतरवून मोटारीने पॅलेसवर नेलं. नेहरू, पटेल वगैरे मंडळी त्याच गाडीने पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात गेली. पॅलेसमध्ये सरोजिनी नायडूही होत्या.

कस्तुरबा येऊन चारच दिवस झाले होते. १५ ऑगस्टला सकाळी महादेवभाई तुरुंग खात्याच्या बड्या अधिकाऱ्याशी बोलत असताना अचानक कोसळले. हृदयविकाराचा झटका. वय ५० वर्षं. २५ वर्षं ते गांधीजींसोबत सावलीसारखे होते, आणि कस्तुरबांना मुलाच्या जागी. गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांना अंघोळ घातली, आवारातच अग्नी दिला. कस्तुरबांना यातून सावरता आलं नाही. पिकलं पान सोडून हे कसं गळालं, हा विचार त्यांचा पाठलाग करत राहिला. त्यातून ब्राह्मणाचा मृत्यू आपल्यामुळे झाला, हे पाप आपल्या माथी, अशी जुन्या वळणाची भीतीही मनात बसली. रोज महादेवभाईंच्या समाधीला फुलं वाहायला जायचं त्यांनी ठरवून टाकलं. नावच महादेव, त्यामुळे ती जागा त्यांच्यासाठी शंकराचं देऊळ झाली.

पण या कैदेतले सगळेच दिवस असे नव्हते, आणि हे वाचताना बरं वाटतं. कस्तुरबांना इथे कॅरमचा नाद लागला. वय ७३, खोकला पाठ सोडत नाही, पण दुपारचा डाव चुकवायचा नाही. जिंकल्या की स्वारी खूश. व्हरांड्यात तुळस होती, तिची पूजा चालायची. आणि सगळ्यात गंमत म्हणजे लग्नाला ६० वर्षं झाल्यावर नवऱ्याने पुन्हा शिकवणी सुरू केली. गुजराती वाचन, थोडं व्याकरण, भूगोल. पंजाबच्या नद्या, प्रांतांची नावं. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी विसरायचं, पण नेटाने बसायचं.

एकदा त्यांनी लिहायला वही मागितली. गांधीजींनी सांगितलं, आधी सुट्या कागदावर सराव करा, अक्षर सुधारलं की वही देतो. कागद वाया जाऊ नये हा त्यांचा नेहमीचा हट्ट. कस्तुरबांना ते लागलं. नंतर वही आणून दिली तेव्हा त्यांनी तिला हात लावला नाही. त्या वहीत त्यांनी कधीच लिहिलं नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी २१ दिवसांचा उपास केला. ते यातून उठणार नाहीत असं सरकारने जवळपास धरूनच ठेवलं होतं, अंत्यविधीची तयारीही करून ठेवली होती. चितेसाठी चंदनाचं लाकूड आणून ठेवलं गेलं. गांधीजी उठले. लाकूड तसंच पडून राहिलं.

या सगळ्याचा ताण कस्तुरबांवर आला. एकदा त्यांनी वैतागून गांधींना विचारलं, एवढ्या बलाढ्य सरकारशी भांडण उकरून काढायची काय गरज होती, सगळ्या पोरांचे हाल चाललेत. गांधींनी विचारलं, मग काय करू, माफी मागणारं पत्र लिहू? तसलं काही करायचं नाही, जे होईल ते सोसू, असं उत्तर आलं. तक्रार करायचा हक्क त्यांनी सोडला नाही आणि माघारही घेतली नाही.

मार्च १९४३ पासून हृदयाचा त्रास सुरू झाला. त्याच सुमाराला नागपूर जेलमधून मनू गांधी या नातीला त्यांच्या सेवेसाठी आणलं. ही पोरगी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, तीही कैदीच. डिसेंबरपासून त्रास वाढला. आडवं झालं की जीव घुसमटायचा, त्यामुळे रात्र रात्र बसून काढायची. गांधीजींनी त्यांच्यासाठी एक छोटं लाकडी टेबल करून घेतलं. ते पलंगावर पुढ्यात ठेवायचं आणि त्यावर हातांची घडी करून डोकं टेकायचं. हीच झोप.

इथून पुढे सरकारी कागदांचा खेळ सुरू होतो. पुण्यातले निसर्गोपचारतज्ज्ञ डॉक्टर दिनशा मेहता यांना बोलवा, अशी कस्तुरबांची मागणी. पत्रं, स्मरणपत्रं, उशीर. मग आयुर्वेदिक वैद्य हवा म्हणाल्या. पुन्हा पत्रं. शेवटी लाहोरचे पंडित शिव शर्मा यांना परवानगी मिळाली, पण रात्री आत थांबायची नाही. आता हृदयरोग्याचा दम रात्रीच लागतो. म्हणून हे वैद्यबुवा फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपायचे, आणि रात्री-अपरात्री गरज पडली की परवानग्यांची साखळी हलवून आत यायचे. गांधीजींनी मध्यरात्री उठून सरकारला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्यांना आत झोपू दिलं.

बरं, इतकी आजारी ७४ वर्षांची बाई सोडून का दिली नाही? सरकारचं म्हणणं, इथेच त्यांची उत्तम काळजी घेतली जाते आहे. पुढे त्यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेतल्या सरकारी प्रतिनिधीने तर सुटकेची तयारी अनेकदा दाखवली होती असंही सांगून टाकलं. गांधीजींनी पत्र लिहून हे खोटं असल्याचं दाखवून दिलं. असा प्रस्ताव कधी आलाच नव्हता.

भेटीगाठींचीही तीच तऱ्हा. फेब्रुवारी १९४४ मध्ये हरिलाल आईला भेटायला आला. ती हरखली. पण त्याला एकदाच भेटायची परवानगी आणि धाकट्या देवदासला रोज, हे कळल्यावर अशा अवस्थेतही भडकली. दोन भावांत असा भेद कशाला? परवानगी वाढवून घेतली तर हरिलाल सापडेना. सापडला, आला, तो दारू पिऊन. कस्तुरबांनी कपाळ बडवून घेतलं. त्याला बाहेर न्यावं लागलं. माय-लेकांची ती शेवटची भेट.

आता पेनिसिलीन. कस्तुरबांना न्यूमोनिया झाला होता, मूत्रपिंडं साथ सोडत होती. पेनिसिलीन हे तेव्हा अगदी नवं औषध, त्यात युद्ध चालू, त्यामुळे जे काही तयार होई ते आधी सैन्याला जाई. देवदासने धडपड करून कलकत्त्याहून विमानाने ते पुण्यात आणवलं. इथल्या डॉक्टरांनाही त्याचा फारसा अनुभव नव्हता. दर काही तासांनी इंजेक्शन टोचावं लागणार हे कळल्यावर गांधीजींनी देवदासला थांबवलं. आता उपयोग होणार नाही, शेवटच्या तासांत आईला सुया कशाला टोचतोस, देवावर सोड, असं त्यांचं म्हणणं. देवदास वाद घालत राहिला, शेवटी गप्प झाला.

यावर आजही भांडणं होतात. गांधीजींच्या टीकाकारांचा मुद्दा असा की दोनच महिन्यांनी त्यांना स्वतःला मलेरिया झाला तेव्हा त्यांनी क्विनाईन घेतलं. ते खरं आहे, आधी नको म्हणून नंतर घेतलं. पण क्विनाईन हे मलेरियावरचं माहितीतलं औषध होतं, आणि इकडे किडन्या बंद पडत आलेल्या म्हाताऱ्या बाईला तीन-चार दिवस आधी पेनिसिलीन मिळालं असतं तरी त्या वाचल्या असत्याच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यामुळे गांधीजींनी बायकोला मारलं, अशी जी वाक्यं फॉरवर्ड होत फिरतात त्यात दम नाही. खटकतं ते वेगळंच. डर्बनमध्ये प्रश्न कस्तुरबांना विचारला गेला होता आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. इथे उत्तर देण्याच्या अवस्थेत त्या उरल्या नव्हत्या, आणि बाप-लेक त्यांच्या वतीने वाद घालत होते. त्या शुद्धीवर होत्या, वैद्य मागत होत्या, तेव्हा सरकारने जे आठवडे खाल्ले त्याचा हिशेब मात्र या भांडणात कुणीच मागत नाही.

२२ फेब्रुवारी १९४४. महाशिवरात्र होती. देवदासने आणलेलं गंगाजल त्यांनी घेतलं. संध्याकाळी त्यांनी गांधींना बोलावलं. सात वाजून पस्तीस मिनिटांनी, त्यांच्या मांडीवर डोकं असताना, कस्तुरबा गेल्या.

सरकारने अंत्यविधीबद्दल विचारलं. गांधीजींनी पर्याय दिले: एक तर देह मुलांच्या ताब्यात द्या, म्हणजे अंत्ययात्रा जाहीरपणे निघेल. नाहीतर इथेच करू, पण नातेवाईक आणि मित्रांना येऊ द्या. तेही नको असेल तर मग बाहेरचं कुणीच नको, आम्ही कैदी करू. युद्धाच्या धामधुमीत पुण्याच्या रस्त्यावर लाखोंची गर्दी सरकारला परवडणारी नव्हती. दुसरा पर्याय निवडला गेला. सुमारे दीडशे माणसांना आत सोडलं.

गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी नेसवली. महादेवभाईंच्या समाधीशेजारी चिता रचली. लाकूड कुठलं? वर्षभरापूर्वी गांधीजींसाठी म्हणून आणून ठेवलेलं चंदन. देवदासने अग्नी दिला. लोक गांधीजींना सांगत होते, जाऊन पडा, ऊन फार आहे. ७४ वर्षांचा माणूस झाडाखाली बसून राहिला, सगळं संपेपर्यंत. राख गोळा करताना त्यात कस्तुरबांच्या हातातल्या पाच काचेच्या बांगड्या अख्ख्या मिळाल्या.

त्यांच्या नावाने देशभर निधी गोळा करायचं ठरलं. खेड्यातल्या बायका आणि मुलांसाठी ७५ लाख रुपयांचं उद्दिष्ट होतं, आणि ते ओलांडलं गेलं. त्यातून उभा राहिलेला कस्तुरबा ट्रस्ट आजही इंदूरजवळच्या कस्तुरबाग्राममधून काम करतो. वाडा १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी देशाला देऊन टाकला, आणि २००३ मध्ये पुरातत्त्व खात्याने तो राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून जाहीर केला. १९८२ च्या गांधी सिनेमातले कैदेचे प्रसंगही इथेच चित्रित झाले.

कस्तुरबा गेल्यावर गांधीजी अजून अडीच महिने या वाड्यात होते. मलेरियाने ते इतके खंगले की हेही आत मेले तर काय, अशी भीती सरकारला वाटली. ६ मे १९४४ रोजी सकाळी आठ वाजता फाटक उघडलं. निघण्याआधी ते दोन्ही समाध्यांजवळ गेले, फुलं वाहिली, प्रार्थना केली. मग मोटार तारांच्या कुंपणातून बाहेर पडली आणि येरवड्याच्या टेकडीवरच्या पर्णकुटीकडे गेली.

पॅलेसमधलं एक सामान त्यांनी स्वतःजवळ ठेवलं. ते छोटं लाकडी टेबल, ज्यावर डोकं टेकून कस्तुरबा रात्र काढायच्या. त्यानंतर गांधीजी त्याच टेबलावर जेवायचे.